चाळीस वायसर

मी औषध निर्माण अधिकारी, म्हणजे फार्मासिस्ट. गावात मला ‘गोळ्यावाले साहेब’ म्हणतात आणि ते जास्त बरोबर आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात खिडकीतून गोळ्या देणं, स्टॉक रजिस्टर लिहिणं, ई-औषधी या ऑनलाइन साठा-प्रणालीवर नोंदी चढवणं हे माझं काम. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यात ऑक्सिजन आला. अधीक्षकांना विचारलं, सर, हे माझ्याकडे कसं? ते म्हणाले, “कायद्यानं ऑक्सिजन औषध आहे की नाही? मग औषध तुमचं.” बिनतोड उत्तर. त्या दिवसापासून दोन वर्षं माझ्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक पाना असायचा.

सुरुवात जिल्ह्यावरून आलेल्या तक्त्यानं झाली. केंद्रानं तीन पायऱ्या ठरवून दिल्या होत्या: सौम्य रुग्णांना कोविड केअर सेंटर, मध्यम आजाराला डेडिकेटेड कोविड हेल्थ सेंटर, गंभीरांना डेडिकेटेड कोविड हॉस्पिटल. आमच्या तालुक्यात केअर सेंटर मुलांच्या वसतिगृहात उघडलं, मधली पायरी म्हणजे आम्ही, आणि वरची पायरी सत्तर किलोमीटरवर. कागदावर ही रचना चांगली होती, आजही मला ती चांगलीच वाटते. फक्त तिन्ही पायऱ्यांच्या मध्ये एकशेआठची गाडी लागते, आणि ती गाडी एका वेळी एकालाच नेते.

तर तक्ता. त्यात एक रकाना होता: ‘ऑक्सिजन बेड – एकूण’. आमच्या मंजूर खाटा ३०. जम्बो सिलिंडर सहा. चालू फ्लोमीटर पाच. फ्लोमीटर म्हणजे ती उभी काचेची नळी, आत छोटी गोळी वर-खाली होते आणि मिनिटाला किती लिटर चाललं ते दाखवते. खाली पाण्याची बाटली. हे नसेल तर सिलिंडर नुसता लोखंडाचा खांब. मी पाच लिहिलं. दुपारी फोन आला. “तीस खाटांच्या दवाखान्यात पाच ऑक्सिजन बेड? आम्ही वर काय दाखवायचं?” मी म्हटलं, साहेब, पाचच फ्लोमीटर आहेत. “फ्लोमीटर कुठं विचारलंय? बेड विचारलेत.”

मी वीस लिहिलं. कुणी हात धरून लिहून घेतलं नाही. सही माझी आहे, कार्बन कॉपी अजून फाइलला आहे.

पहिली लाट आमच्याकडे उशिरा आली आणि तशी हळूच गेली. सप्टेंबर २०२० मध्ये सगळ्यात जास्त म्हणजे अकरा रुग्ण ऑक्सिजनवर होते. गडबड झाली, निभावलं. ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’मध्ये आशाताई घरोघर तापमापक आणि बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर घेऊन हिंडल्या. लोकांना ‘साठ आली, नव्वद आली’ ही भाषा तेव्हाच आली. पुढं एप्रिलमध्ये कितीतरी माणसं केवळ या आकड्याच्या जोरावर वेळेत दवाखान्यात पोचली, हे श्रेय आशांना द्यायला पाहिजे, ते कुणी फारसं देत नाही.

जिल्हा नियोजनच्या पैशातून त्या हिवाळ्यात तांब्याची पाइपलाइन आली. तीस खाटांच्या डोक्याशी तीस आउटलेट, बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये मॅनिफोल्ड, म्हणजे अनेक सिलिंडर एकत्र जोडून पाइपलाइनला वायू देणारी जोडणी. उद्घाटनाला फीत, नारळ, सगळं. फ्लोमीटरचं खोकं उघडलं तर बारा निघाले. “बाकीचे पाठवतो,” ठेकेदार म्हणाला. जुने पाच आणि नवे बारा, सतरा झाले. तक्त्यात मात्र तीस गेले. आता तर आउटलेटही तीस होते, त्यामुळे लिहिताना हात आधीइतका अडखळला नाही.

डिसेंबर-जानेवारीत वॉर्ड रिकामा झाला. तीन-तीन महिन्यांच्या करारावर घेतलेले ब्रदर, सिस्टर, वॉर्डबॉय मुदत संपली तसे घरी गेले. त्यात एक पोरगा होता, आयटीआय झालेला, मॅनिफोल्ड त्याच्या हातात बसला होता. कानानं ओळखायचा कुठला सिलिंडर संपत आलाय. तो एका पाइप-फिटिंगवाल्याकडे कामाला लागला. मी अधीक्षकांना म्हटलं, याला तरी ठेवा. ते म्हणाले, “कुठल्या हेडमधून?” म्हणजे पगार कुठल्या खात्याच्या पैशातून द्यायचा, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि खरं तर त्यांच्याकडेही नव्हतं.

याच काळात नंदुरबारमध्ये वेगळं घडत होतं. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड स्वतः एमबीबीएस डॉक्टर. पहिली लाट चालू असतानाच, सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी हवेतून ऑक्सिजन काढणारा पहिला प्लांट बसवून घेतला आणि पुढची लाट येईपर्यंत आणखी वाढवले. सातपुड्यातला आदिवासी जिल्हा, रस्ता लांबचा, टँकर वेळेत येणार नाही हे त्यांनी धरूनच चाललं. आम्ही काय धरून चाललो होतो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा तक्ता.

मार्च २०२१ च्या शेवटी आकडे चढले आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमचे तीसही बेड भरले. व्हरांड्यात गाद्या पडल्या. साखर कारखान्यांचा हंगाम संपून ऊसतोड मजूर तांड्यांवर परतायचे तेच दिवस. ट्रॅक्टरमध्ये दाटीवाटीनं बसून आलेली माणसं, आठ दिवस घरी काढे पिऊन, साठ-पासष्ट ऑक्सिजनवर दारात. “दवाखान्यात गेलं की मानूस परत येत न्हाई,” हे त्यांनी ऐकलेलं. काही बाबतीत ते खरंही होत होतं.

आता हिशोब सांगतो, कारण त्या वेळी टीव्हीवर सगळे ‘ऑक्सिजनचा तुटवडा’ म्हणत होते आणि आमचा तुटवडा थोडा निराळा होता. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर वायू मावतो. ऑक्सिजनवर आमचे सव्वीस रुग्ण. कुणाला चार लिटर, कुणाला पंधरा, सरासरी आठ. म्हणजे मिनिटाला दोनशे आठ लिटर, तासाला साडेबारा हजाराच्या आसपास. तासाला पावणेदोन जम्बो, दिवसाला त्रेचाळीस. आता सिलिंडर भरायला सत्तर किलोमीटरवरच्या एमआयडीसीत जायचे. चारशेसात टेम्पो सकाळी सहाला निघायचा, रांगेत उभा राहायचा आणि रात्री कधी दहाला, कधी बाराला परतायचा. एकशेचाळीस किलोमीटरची ये-जा, त्यात अर्धा रस्ता खड्ड्यांचा. एका दिवसाचे सिलिंडर वापरात, तेवढेच वाटेवर किंवा रांगेत. म्हणजे दिवसाला त्रेचाळीस लागत असतील तर दवाखान्याकडे नव्वदच्या आसपास सिलिंडर पाहिजेत. आमच्याकडे, तालुक्यातल्या दोन खासगी डॉक्टरांचे आणि एका वेल्डिंगवाल्याचे धुऊन-तपासून घेतलेले धरून, बावन्न होते.

रिकामा सिलिंडर हीसुद्धा सज्जता असते, हे मला तेव्हा कळलं. तक्त्यात फक्त भरलेल्यांचा रकाना होता.

ती रात्र एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली. राज्यात उद्योगांना जाणारा ऑक्सिजन बंद करून सगळा दवाखान्यांकडे वळवला होता. कळंबोलीहून रिकामे टँकर लादलेली रेल्वे विशाखापट्टणमला निघाली होती. नाशिकला टाकीच्या गळतीची बातमी आली आणि वॉर्डात कुणी मोबाइलवर आवाज मोठा करून लावली, ती मी जाऊन बंद करायला लावली. रात्री नऊला मोजणी केली. टेम्पोबरोबर गेलेले तीस, व्हरांड्यात रिकामे चौदा, आणि भरलेले आठ, मॅनिफोल्डला जोडलेल्या चालू बँकेवरचे धरून. टेम्पोबरोबरच्या मामांना, म्हणजे आमच्या शिपायांना, फोन लावला. “साहेब, अकरा वाजल्यापासून उभे आहोत. आधी जिल्ह्याचा दवाखाना, मग मोठी हॉस्पिटलं, मग आपलं नाव.” तिथं महसूलचे लोक यादी घेऊन बसले होते. त्यांचीही चूक म्हणता येत नाही. कुणाला तरी रांग लावावीच लागते. आठ सिलिंडर म्हणजे साडेचार तास. दीड वाजेपर्यंत.

ड्यूटीवर मॅडम होत्या, करारावरच्या बीएएमएस, वय सव्वीस. मी कागदावर आकडे लिहून त्यांच्यापुढे ठेवले. त्या गप्प बसल्या दोन मिनिटं. मग म्हणाल्या, “सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव कशाला पाहिजे आपल्याला? ब्याण्णव ते चौऱ्याण्णवमध्ये ठेवू. आणि जमेल त्याला पालथं झोपवू.” एका हातात ऑक्सिमीटर, दुसरा फ्लोमीटरच्या चावीवर, अशा त्या खाटेखाटेशी फिरल्या. दहावरून सात. आठवरून पाच. बोट, आकडा, थांबायचं, पुन्हा आकडा. प्रत्येकाजवळ पाच मिनिटं, कारण कमी केल्यावर आकडा टिकतो का हे बघायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

नातेवाइकांना हे कसं पटावं? चावी बंद करायच्या दिशेनं फिरवलेली दिसते एवढंच. अकरा नंबरच्या आजोबांचा मुलगा माझा हात धरून म्हणाला, “फुकटचं हाय म्हणून कमी करता का साहेब? पैशे घ्या, पन चालू ठेवा.” मी त्याला ऑक्सिमीटरचा आकडा दाखवला, त्र्याण्णव. त्याला तो आकडा कळत होता, आशाताईनं शिकवला होता. पण तरी तो रात्रभर त्या चावीकडे बघत बसला. दोनदा त्यानं ती गुपचूप वाढवली, मी दोनदा कमी केली. तिसऱ्यांदा आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि तो उठून बाहेर बिडी ओढायला गेला.

पालथं झोपवायला छातीखाली, कंबरेखाली उशा लागतात. उशा माणशी एक. मग घरून आणलेल्या गोधड्या, वाकळा गुंडाळून लावल्या. एका बाईनं नेसायच्या लुगड्याची वळकटी करून दिली.

मिनिटाला दोनशे आठवरून आम्ही दीडशेवर आलो. म्हणजे आठ सिलिंडर सहा तास. तीनपर्यंत. आणि मग चौदा नंबरला माझं लक्ष गेलं. फ्लोमीटरची गोळी आठवर, पण बाटलीत बुडबुडे नाहीत. कान लावला तर जोडाशी फुस्स. ऑक्सिजन माणसाला जातच नव्हता, वॉर्डाला जात होता. बाटली काढली, तर वायसर झिजून पापुद्रा झालेला. मग मी एकेका जोडाला कान लावत निघालो. सव्वीसपैकी नऊ गळत होते, बहुतेक जुने नाहीतर उसने आणलेले. नऊ जोडांतून रात्रंदिवस किती गेलं असेल, याचा हिशोब मी मुद्दाम केला नाही.

वायसर स्टोअरला नव्हते. कधीच नव्हते, इंडेंटमध्ये, म्हणजे मागणीपत्रात, तशी बाबच नाही. अकरा वाजता मी पाइप-मोटारीच्या दुकानदाराच्या घरी जाऊन कडी वाजवली. ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध होते, त्याचं शटर कधीचं खाली. तो बनियनवरच आला, मागच्या दारानं दुकानात शिरला आणि मोबाइलच्या उजेडात डबे धुंडाळत म्हणाला, “फवारणी पंपाचे बसतील का बघा.” बसले. चाळीस घेतले, पाच रुपयाला एक. त्यानं पैसे नको म्हटलं, मी म्हटलं सरकारी काम आहे, पावती दे. वहीच्या कागदावर त्यानं लिहून दिलं: वायसर नग ४०, रुपये २००.

इथं एक सांगून ठेवतो, कारण कुणाला तरी उपयोग होईल. हे बाटलीच्या जोडाचं, कमी दाबाच्या बाजूचं झालं. सिलिंडरच्या तोंडाशी असला रबर, तेल, ग्रीस काही म्हणजे काही चालत नाही. भरलेल्या सिलिंडरचा दाब आणि शुद्ध ऑक्सिजन, त्यात तेलाचा थेंब पडला तर पेट घेतो. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या एका नव्या मामांनी व्हॉल्व्ह घट्ट बसला म्हणून पान्याला खोबरेल लावलेलं मी वेळेवर पाहिलं, ते केवळ बाटली माझ्या टेबलावरून उचलली म्हणून.

वायसर स्पिरिटनं पुसले, मी आणि सिस्टर दोघांनी बसवले. साडेबारापर्यंत नऊच्या नऊ बाटल्या बुडबुडायला लागल्या. मॅडमनी चौदा नंबरचा फ्लो आठवरून चारवर आणला आणि त्याचा आकडा उलट वाढला.

टेम्पो तीनला दहा कमी असताना आला. तिसातले बावीस भरून मिळाले होते. मामा खाली उतरले ते तसेच पायरीवर बसले. बाकीच्यांनी सिलिंडर तिरके धरून, बुडावर गोल गोल फिरवत आत नेले. ट्रॉली एकच होती आणि तिचं चाक गेलं होतं.

चारच्या सुमाराला तांड्यावरची एक बाई गेली. पंचेचाळिशीची असेल. पंधरा लिटर चालू होतं, मास्क नीट होता, बाटली बुडबुडत होती. ती आली तेव्हाच अठ्ठावन्नवर आली होती, पाचव्या दिवशी. आधी का आणलं नाही विचारलं, तर नवरा म्हणाला, “बेड न्हाईत म्हनत व्हते.” सकाळी दहाच्या तक्त्यात ‘ऑक्सिजनअभावी मृत्यू’ असा रकाना होता. मी ‘निरंक’ लिहिलं. ते खोटं नाही. जुलैमध्ये राज्यसभेत केंद्र सरकारनं सांगितलं की राज्यांकडून ऑक्सिजनअभावी मृत्यूची स्वतंत्र नोंद आलेली नाही, तेव्हा देशभर ओरड झाली. मला मात्र माझ्यासारखेच पेन घेऊन बसलेले लोक दिसले, प्रत्येकासमोर तोच रकाना.

मे महिन्यात दोन व्हेंटिलेटर आले. भूलतज्ज्ञ नाही, फिजिशियन नाही, आणि मशीनला पाइपलाइनचा जो दाब लागतो तो आमच्या मॅनिफोल्डला टिकत नाही. खोकी फोडली, फोटो काढला, पाठवला, पुन्हा झाकली. रेमडेसिविरच्या चिठ्ठ्या घेऊन लोक जिल्हाभर पळत होते. माझ्या खिडकीत जे डेक्सामेथासोन पडून होतं, दिवसाला सहा मिलिग्रॅम, काही रुपयांचं, ते ऑक्सिजनवरच्या रुग्णाचा जीव वाचवतं हे २०२० च्या जूनमध्येच सिद्ध झालेलं. पण स्वस्त औषधावर कुणाचा विश्वास बसत नाही. ‘गोळ्यावाले साहेब’ म्हणून वीस वर्षं हेच बघतोय.

मग आमच्याकडेही हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांट आला, त्याला पीएसए म्हणतात. पावसाळ्यात ट्रेलरवरून, क्रेन लावून उतरवला. मिनिटाला पाचशे लिटर, म्हणजे दिवसाला शंभरावर जम्बोइतका वायू, जागच्या जागी. हवा दाबायची, झिओलाइटच्या खड्यांमधून न्यायची, नायट्रोजन अडकतो, ऑक्सिजन पुढे जातो. आवाज पिठाच्या गिरणीसारखा. बसला, पण ट्रान्सफॉर्मर पुरेना. महावितरणची डिमांड नोट, तिचे पैसे कुठल्या हेडमधून, हे ठरण्यात दिवाळी आली. चालू झाला तेव्हा शुद्धतेच्या पडद्यावर ९३ आकडा आला आणि मी, खोटं कशाला बोलू, तिथंच उभा राहून रडलो. सहा महिने आधी हा पाहिजे होता. अर्थात या प्लांटमधून सिलिंडर भरता येत नाहीत, त्याला वेगळा कॉम्प्रेसर लागतो, तो आला नाही. आणि तो आयटीआयवाला पोरगा आता पुण्यात असतो.

२७ डिसेंबर २०२२ ला देशभर मॉकड्रिल झाली. चीनमध्ये पुन्हा रुग्ण वाढल्याच्या बातम्या होत्या. आमच्याकडे आदल्या रात्री निरोप आला. सकाळी मी प्लांटशी गेलो तर सुरूच होईना. वर्षभरात महिन्यातून एकदा अर्धा तास फिरवायचा हे ठरलेलं, पण वीजबिलाच्या भीतीनं कधी फिरवला, कधी नाही. कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलत बोलत, कुठला तरी फिल्टर झटकून, साडेदहाला एकदाचा तो गिरणीसारखा घरघरला. अकराला साहेब आले. एका मामांना खाटेवर झोपवून मास्क लावला, फोटो झाले. मामांना त्या थंडीत झोप लागली, ते उठेचनात, तेव्हा सगळे हसले. तक्ता पुढे आला. बेड, सिलिंडर, कॉन्सन्ट्रेटर, व्हेंटिलेटर, पीएसए प्लांट चालू/बंद. मी या वेळी तळाला पेनानं तीन ओळी वाढवल्या: फ्लोमीटर चालू २६, पाने ४, वायसर ३१ शिल्लक. साहेबांनी वाचलं, काही बोलले नाहीत, सही केली. पण ऑनलाइन फॉर्ममध्ये त्या ओळी भरायला जागा नव्हती, त्यामुळे त्या फक्त आमच्या कागदावर राहिल्या.

पुढच्या वर्षी ऑडिट आलं. दोन दिवस माझ्या खोलीत बसून त्यांनी कोविड काळातली सगळी व्हाउचरं चाळली. माणसं सभ्य होती, त्यांचं कामच ते. पाने, ट्रॉलीची दुरुस्ती, रबरी नळी, क्लॅम्प या माझ्या किरकोळ खरेदीवर ‘मागणीचे तुकडे पाडून खरेदी केल्याचे दिसते’ असा शेरा आला. त्याचा खुलासा मी दिला. पण एक मुद्दा वेगळा काढला होता: ‘वायसर नग ४०. कच्च्या पावतीवर खर्च. पक्के देयक सादर करावे, अन्यथा वसुली करावी.’

दोनशे रुपये मी भरून टाकले असते. पण का कोण जाणे, मला ते पक्कं बिल पाहिजेच होतं. संध्याकाळी दुकानात गेलो. दुकानदारानं ओळखलं, चहा सांगितला, बिलबुक काढलं, कार्बन घातला. वायसर, नग चाळीस, दर पाच, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग तारखेच्या जागी येऊन त्याचा पेन थांबला.

“साहेब,” तो म्हणाला, “तारीख कोणती टाकू? त्या दिवशी तर दुकान बंद होतं.”